महूच्या लोको शेडात वाफ का विझली

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचे आजोबा इंदूरजवळच्या महूच्या लोको शेडात, म्हणजे इंजिनांच्या देखभालीच्या शेडात, पॅसेंजर गाड्यांचे फायरमन होते, पुढे डिझेलवर गेले. वाफेचे इंजिन घाटात कुठेच कमी पडत नव्हते, उगाच काढले, असे ते शेवटपर्यंत म्हणायचे. हे कितपत खरे? कलाकुंडला गाडीच्या मागे दुसरे इंजिन लावायचे, ते डिझेल आल्यावरही बंद का झाले नाही? डिझेल आल्यावर एवढ्या फायरमनांचे काय झाले? आणि सोबत त्यांचा एक फोटो आहे, त्यातले इंजिन कोणते?

फोटोचे आधी उरकतो, कारण ते सोपे आहे. साइड रॉडने एकमेकांना जोडलेली मोठी चाके मोजायची. एका बाजूला तीन असली तर वायपी, म्हणजे मीटर गेजचे पॅसेंजर इंजिन. चार असली तर वायजी, म्हणजे मालगाडीचे. तुमच्या फोटोत तीनच वाटतात, पण आजोबा नेमके एका चाकाच्या पुढे उभे आहेत. तेव्हा सिलिंडरच्या खाली बघा. तिथे लहान चाक एकच आहे. वायपीला तिथे एका बाजूला दोन असतात. म्हणजे हे वायजी आहे. पॅसेंजरचा फायरमन मालगाडीच्या इंजिनाजवळ कसा, असे वाटले असेल तर घाटाचे गणित बघावे लागेल, आणि तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही त्यातच आहेत.

मी स्वतः याच लाइनीवर आधी वाफ आणि मग डिझेल चालवले, आणि लोको इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. आता इंदुरात राजेंद्रनगरला राहतो. माझे मत आधीच सांगतो: आजोबा घाटापुरते बरोबर होते. वाफेचे इंजिन तिथे हरलेच नाही. ते शेडात हरले, पाण्यात हरले आणि कोळशाच्या ढिगावर हरले. आजोबांनी हे पाहिले नसेल असे नाही. पण फायरमनला इंजिन आठवते ते चालताना. उभे असताना त्याचे काय चालायचे, ते शेडवाल्यांना आठवते.

घाट म्हणजे कलाकुंड ते पातालपाणी, साडेनऊ किलोमीटरच्या आसपास. खंडवा-इंदूर लाइन होळकरांच्या पैशाने झाली, हे इंदूरच्या मराठी घरांत बहुतेकांना माहीत असते. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये खुला झाला. पुढे बडवाह, चोरल करत गाडी कलाकुंडला यायची आणि तिथून तिला माळव्याच्या पठारावर चढायचे असायचे. तो चढ १:४० चा आहे, म्हणजे ४० मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. मोटारवाल्याला हे काहीच वाटणार नाही. लोखंडावर लोखंडी चाक चालवणाऱ्याला विचारा.

आता हिशेब. १:४० च्या चढावर दर टन वजनामागे २५ किलो ओढ नुसत्या चढासाठी लागते. त्यात चाकांचा आणि वळणांचा विरोध धरला की ३० किलो. घाटात वळणे कडक आहेत, म्हणून मी कमी धरत नाही. आठ डब्यांची पॅसेंजर माणसांसकट साधारण २६० टन. टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, इंजिन शंभरेक टन. एकूण ३६० टन, म्हणजे ओढ हवी १०.८ टन. वायपीचा सिलिंडर सव्वापंधरा इंची, स्ट्रोक २४ इंची, चाक ५४ इंची, बॉयलरचा दाब २१० पौंड. यावरून ओढ निघते ८.४ टन. सरळ नापास. वायजीचे चाक लहान, ४८ इंची, आणि सिलिंडर मोठा. त्याची ओढ निघते ११.२ टन. पास, पण काठावर. हे सगळे कागदावर, पूर्ण दाबाने, कोरड्या रुळावर. पावसाळ्यात बोगद्यात रूळ कायम ओला, त्यावर पाला चिकटलेला. अशा वेळी कागदावरचे ४०० किलो कुठे जातात ते कळत नाही. म्हणून घाटात पॅसेंजरला वायजी, आणि मागे आणखी एक वायजी बँकर, म्हणजे मागून ढकलणारे इंजिन. तुमच्या फोटोतले इंजिन त्यामुळेच वायजी.

डिझेलचा हिशेब असा. वायडीएम-४, म्हणजे आमचे मीटर गेजचे डिझेल इंजिन, त्याचे वजन ७२ टन, आणि ते सगळेच्या सगळे ओढणाऱ्या चाकांवर, कारण सहाही धुऱ्यांना मोटार आहे. वाफेच्या इंजिनात टेंडरचे चाळीसेक टन नुसतेच ओझे असते. त्यामुळे त्याच आठ डब्यांना डिझेल लावले तर एकूण वजन ३३० टनांवर येते आणि ओढ लागते दहा टन. डिझेल सुटताना १९ टनांच्या आसपास देते. म्हणजे आठ डबे ते एकटे नेते, ताशी पंचवीसेक किलोमीटरने. याहून जोरात नाही, कारण ताकद शेवटी १३५० अश्वशक्तीच आहे.

मग बँकर का राहिला? कारण आठ डब्यांवर जग थांबत नाही. जयपूर-पूर्णा मीनाक्षी एक्सप्रेससारखी लांब गाडी घ्या. पंधरा डबे धरले तर जवळपास पाचशे टन, इंजिनासकट ५७० च्या घरात, आणि ओढ सतरा टनांवर. डिझेल सुरुवातीला एवढे देईलही, पण ते चालू ठेवू शकत नाही. मोटारींमधून जाणारा करंट इतका वाढतो की त्या तापतात, आणि तापल्या की इन्सुलेशन जळते. वाफेच्या इंजिनाला हा त्रास नव्हता. दमले की ते उभे राहायचे, फायरमन आग नीट करायचा, दाब वर यायचा आणि पुन्हा चालायला लागायचे. आजोबांचे म्हणणे या एका मुद्द्यावर शंभर टक्के बरोबर आहे. हळू चालत, जीव तोडून ओढायचे काम वाफेला जास्त चांगले सहन व्हायचे.

बँकर मागेच लावण्याचे दुसरे कारण ओढीचे नाही. चढावर एखादे कपलिंग तुटले तर तुटलेले डबे मागे घरंगळत जाऊ नयेत, म्हणून इंजिन शेवटी हवे. हे कारण डिझेल आल्याने बदलत नाही. आणि कलाकुंडला बँकर लागेपर्यंत गाडी थांबायची म्हणून तिथला कलाकंद खपला. पळसाच्या पानावर मिळायचा. इंजिन बदलले, गिऱ्हाईक तेच राहिले.

पातालपाणीला गाड्या थांबायच्या त्याबद्दलही लोक विचारतात, म्हणून इथेच सांगतो. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या तंट्या भिल्लाला, म्हणजे तंट्या मामाला, सलामी दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, असे आमच्याकडे पक्के मानतात. नियमाचे कारण ब्रेकची तपासणी हे आहे: खाली उतरायच्या आधी ब्रेकचा व्हॅक्युम नीट आहे ना ते बघायचे. ड्रायव्हर दोन्ही करायचे. ब्रेक बघायचे आणि हातही जोडायचे. मी कुणाला अडवलेले नाही.

आता घाटातले आजोबांचे काम काय होते, ते एकदा जवळून बघा, म्हणजे पुढचे पटेल. चढावर आग पातळ ठेवून चालत नाही आणि जाड थापली तर खालून हवा येत नाही. मागचे दोन कोपरे भरलेले, मधे उतार आणि पुढे ट्यूब प्लेटच्या बाजूला पातळ, अशी आग लागायची. फावड्याचे तोंड दारातून आत गेले की मनगट वळवून कोळसा कोपऱ्यात टाकायचा. दार जास्त वेळ उघडे राहिले की थंड हवा शिरून ट्यूबा गळायला लागतात, म्हणून दुसरा फायरमन साखळीने दार उघडायचा-मिटायचा. एक फावडे, दार बंद. परत एक फावडे, दार बंद.

त्याहून अवघड पाणी. गेज ग्लासमध्ये पाणी दिसते ते बॉयलरच्या मागच्या टोकाचे. चिमणी पुढे करून इंजिन चढत असते, तेव्हा पाणी मागे येते आणि ग्लासमध्ये भरपूर दिसते. बॉयलरची लांबी सहा मीटर धरा. १:४० वर दोन टोकांत पाण्याच्या पातळीचा फरक १५ सेंटिमीटर पडतो. पातालपाणीला चढ संपून इंजिन सपाट झाले की ते पाणी पुढे धावते आणि ग्लास एकदम खाली जातो. फायरबॉक्सचे छप्पर उघडे पडले तर आतला लीड प्लग वितळतो आणि वाफ आगीवर येते. म्हणजे गाडी फेल, आणि क्रूची चौकशी. प्लग वेळेवर वितळला नाही तर त्याहून वाईट. म्हणून ग्लास भरलेला दिसत असला तरी शेवटच्या टप्प्यात बॉयलरमध्ये पाणी घालणारा इंजेक्टर चालू ठेवायचा. पण गार पाणी घातले की दाब पडतो, आणि दाब तर ओढायला हवाच असतो. पाणी आणि दाब यांतली ही ओढाताण शेवटच्या दोन किलोमीटरांत होते. नवा फायरमन ग्लासकडे बघून निश्चिंत व्हायचा. जुना ग्लासवर विश्वास ठेवत नसे.

आणि बोगदे. घाटात चार आहेत. पुढच्या इंजिनाचा धूर बोगद्यात भरलेला असतो, त्यात मागचा बँकर शिरतो आणि स्वतःचा आणखी भरतो. बँकरचे लोक ओले फडके तोंडाला लावून खाली, पायरीजवळ बसायचे. तिथे हवा थोडी बरी. पुढच्या ड्रायव्हरला मागचा दिसत नाही. शिट्टीच्या ठरलेल्या खुणा असायच्या, पण खरा ताळमेळ आवाजावर. मागच्याने जास्त धक्का दिला की मधल्या डब्यांचे बफर दाबले जातात, कमी दिला की पुढच्याचा दम निघतो. डिझेलमध्ये हा ताळमेळ सोपा झाला, कारण नॉच, म्हणजे ताकदीचे टप्पे, ठरलेले. सातव्यावर या म्हटले की सातव्यावर आला.

इतके सगळे सांगून मी म्हणतोय की वाफ घाटात हरली नाही. मग शेडात काय झाले?

थंड इंजिनात आग पेटवून ते गाडीला लावण्याइतका दाब यायला पाच-सहा तास लागतात. घाई करता येत नाही. बॉयलरचे पोलाद सगळीकडे सारखे तापले नाही तर स्टे, म्हणजे आतले आधाराचे दांडे, तुटतात. गाडी करून आले की आग पाडायची, क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, फोडायचा, राखेचा खड्डा साफ करायचा, स्मोकबॉक्समधली काजळी काढायची, कोळसा-पाणी भरायचे, तेल घालायचे, मग वळवायचे. हे रोजचे. शिवाय पंधरवड्यातून एकदा वॉशआउट. बॉयलर हळूहळू गार करायचा, प्लग काढायचे, आत जोराने पाणी मारून गाळ आणि खपली बाहेर काढायची, तपासायचे, परत भरून परत पेटवायचे. एक अख्खा दिवस गेला. माळव्यात तर हे टळणारच नाही, कारण इथले विहिरीचे पाणी काळ्या खडकातले आणि जड. ट्यूबांवर खपली धरते, आणि खपली धरली की कोळसा वाढतो आणि वाफ कमी होते. सोडा ॲश, टॅनिन घालायचे, वाटेत ब्लोडाउन करायचे, म्हणजे बॉयलरमधले गढूळ पाणी सोडून द्यायचे, तरी खपली काही पूर्ण थांबत नाही.

पाण्याचा आणखी एक पदर आहे. एक किलो कोळशामागे सात-आठ किलो पाणी उडते. वायपी किंवा वायजीच्या टेंडरमध्ये साडेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी मावते आणि ते काही मोठ्या प्रवासाला पुरत नाही. इंदूरला स्वतःला प्यायला पाणी नव्हते त्या काळातली ही गोष्ट. नर्मदेचे पाणी शहरात आले १९७८ मध्ये. तोवर यशवंतसागर आणि बिलावलीवर भागवायचे. उन्हाळ्यात एका बाजूला गल्लीत टँकरमागे रांग आणि दुसऱ्या बाजूला स्टेशनवर इंजिनाच्या टेंडरमध्ये हजारो लिटर ओतताहेत, हे लोक बघत होते. डिझेललाही पाणी लागते, पण रेडिएटरपुरते, आणि तेच फिरत राहते.

आता कोळसा. वायपी-वायजीची आखणी बऱ्या कोळशासाठी झाली होती. १९७१ ते १९७३ या काळात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर चांगला कोळसा पोलादाला आणि विजेला, आणि आमच्या वाट्याला राखेचा, अशी स्थिती येत गेली. तीस-पस्तीस टक्के राख असलेला कोळसा म्हणजे तीन फावड्यांतले एक फावडे दगड. आग मरते, क्लिंकर जाळीवर काचेसारखा पसरतो, फायरमनचे हात मोडतात आणि गाडी लेट होते. दोष आजोबांचा नाही, इंजिनाचाही नाही. शिवाय आमची मीटर गेज. मोठ्या लाइनीवरून आलेला कोळसा जंक्शनवर लहान वाघिणींत उतरवून भरायचा. तिथे मजुरी लागते आणि तिथेच कोळशाचा चुराही होतो. चुरा आगीत पडायच्या आधीच चिमणीतून बाहेर जातो. मागे बसलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांत जायचा तोच.

नुसती कार्यक्षमता बघितली तर वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेतले सहा-सात टक्के चाकापर्यंत पोचतात. डिझेलमध्ये पंचवीस टक्क्यांहून जास्त. पण मला विचाराल तर निर्णय या आकड्यावर झाला नाही. तसा झाला असता तर १९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेल थांबायला हवे होते. तेल महागले, परकीय चलन नव्हते, आणि कोळसा घरचा होता. त्या काळात वाफेला काही वर्षे जास्त मिळाली ती त्यामुळेच. तरी शेवटी ती गेलीच, कारण एक डिझेल महिन्यात जितके दिवस लाइनीवर असते तितके दिवस काढायला वाफेची दोनाहून जास्त इंजिने पदरी ठेवावी लागत. वाफेचे इंजिन म्हणजे दुभती म्हैस. काम असो-नसो, चारा रोज घालावाच लागतो.

इंदूर-महू लोकल घ्या. अंतर २१ किलोमीटर. रेल्वेतले, कॅन्टोन्मेंटमधले, कॉलेजातले लोक या गाडीने ये-जा करायचे. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ, सगळीकडे थांबा. इंजिन धावण्यापेक्षा उभे जास्त राहायचे, आणि उभे असताना कोळसा जळतच असायचा. महूला पोचल्यावर इंजिन सोडवायचे, वळवायचे, दुसऱ्या टोकाला लावायचे. न वळवता टेंडर पुढे करून चालवता येते, पण मग कोळशाचा भुगा सरळ तोंडावर येतो आणि सिग्नल बघायला मान वाकडी करावी लागते. डिझेल दोन्हीकडे चालते. अर्थात वायडीएम-४ ला कॅब एकच. लांब तोंड पुढे असले की पुढचे धड दिसत नाही आणि ड्रायव्हर शिव्या देतो. तरी वळवण्याची वेळ वाचली. या लोकलसारख्या गाड्यांवर डिझेलचा फायदा सगळ्यात ठळक दिसतो. तरीही अशा गाड्यांना डिझेल सगळ्यात शेवटी मिळाले. महाग इंजिनाला जास्तीत जास्त किलोमीटर पळवले तरच ते परवडते, म्हणून आधी लांबच्या मालगाड्या आणि एक्सप्रेस, मग थांबत-थांबत जाणाऱ्या पॅसेंजर. तोवर एकाच प्लॅटफॉर्मवर एक्सप्रेसला डिझेल आणि लोकलला वाफ, असे बरीच वर्षे चालले.

काही लोक म्हणतात, इंजिने जुनी झाली होती म्हणून काढली. हे चुकीचे आहे. वायपी एकूण ८७१ झाली, १९४९ ते १९७० या काळात, आणि त्यांतली पुष्कळशी जमशेदपूरच्या टेल्कोची. चित्तरंजनच्या कारखान्याने ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर काढले, आणि मीटर गेजचे शेवटचे वायजी १९७२ मध्ये. म्हणजे भंगारात गेली तेव्हा कित्येक इंजिने पंचवीस-तीस वर्षांचीच होती. वाफेच्या इंजिनाला हे वय काहीच नाही. पण नवी इंजिने बनायची बंद झाली की सुट्या भागांचे हाल सुरू होतात. आमच्या भागातली इंजिने मोठ्या दुरुस्तीला अजमेरला जायची. याच अजमेरने १८९५ मध्ये राजपुताना-माळवा रेल्वेसाठी एफ-७३४ बनवले होते, हिंदुस्थानात बनलेले पहिले इंजिन. तिथे पिढीजात बॉयलरमेकर होते. ते निवृत्त होत गेले, आणि त्यांची मुले डिझेलच्या इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायला लागली. पोरांना दोष देता येत नाही.

डिझेल आल्यावर शेडचे काय झाले, याबद्दल फार कमी लिहिले जाते. डिझेल आणि वाफ एका छपराखाली नांदत नाहीत. राखेची धूळ डिझेलच्या हवेच्या फिल्टरमध्ये जाते, तिथून टर्बोत; कोळशाचा भुगा कंट्रोल कपाटातल्या काँटॅक्टरवर बसतो आणि ठिणगी पडते. फ्युएल पंपातल्या प्लंजरची फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते. वाफेचा फिटर चांगला असला तरी त्याची सवय वेगळी. त्याच्या कामात आवाज आला म्हणजे दोष सापडला: बेअरिंग ठोठावते, पिस्टन रिंग फुसफुसते, गळते ते दिसते. डिझेलमध्ये दोष दिसत नाही. वंगणाचे तेल प्रयोगशाळेत पाठवायचे, त्यात तांबे किती, लोखंड किती ते बघायचे, आणि कुठले बेअरिंग झिजतेय ते कागदावरून ओळखायचे. जुन्या मिस्त्रीला हे पटायला वेळ लागला. ज्यांना पटले ते उत्तम डिझेलवाले झाले, कारण हात आधीच तयार होते. महूलाही पुढे मीटर गेजची डिझेल शेड झाली.

डिझेलवाल्यांचीही एक खोड होती. बिघाड झाला की ते पुस्तक काढायचे, आणि पुस्तकात तो बिघाड नसेल तर गाडी उभी. वाफेचे इंजिन अर्धे मोडलेलेही घरी आणता यायचे. एका बाजूचा रॉड उतरवून, दुसऱ्या सिलिंडरवर, हळूहळू. डिझेलचा टर्बो गेला किंवा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, बसला की ओढायला दुसरे इंजिन पाठवावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत असे फेल झालेले डिझेल आणायला वाफेचे इंजिन जायचे, आणि त्या दिवशी वाफेच्या क्रूचा तोरा बघण्यासारखा असायचा.

आता शेवटचा प्रश्न, फायरमनांचे काय झाले.

वाफेच्या गाडीवर तीन माणसे: ड्रायव्हर, फर्स्ट फायरमन, सेकंड फायरमन. घाटात बँकरवर आणखी तीन. म्हणजे एका पॅसेंजरमागे फूटप्लेटवर सहा. डिझेलवर दोन, बँकर धरून चार. हे फक्त इंजिनावरचे. शेडात आग पाडणारे, आग पेटवणारे, कोळसा भरणारे, क्लीनर, वॉशआउटवाले, बॉयलरवाले, पंपवाले, यांची संख्या फूटप्लेटवाल्यांहून मोठी होती, आणि त्यांची कामे कमी झाली नाहीत, नाहीशीच झाली. कुणाला घरी पाठवले नाही, हे खरे. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या नाहीत, बाकीच्यांना इकडे-तिकडे घातले: कॅरेज-वॅगनमध्ये, गँगमध्ये, स्टोअरमध्ये. पण बॉयलरमेकरला स्टोअरमध्ये खिळे मोजायला बसवणे म्हणजे त्याला कामावर ठेवले असे म्हणायचे का, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा.

फूटप्लेटवाल्यांसाठी वाट होती: ट्रेनिंग स्कूलला जायचे, डिझेलचा कोर्स करायचा, पास झाले की डिझेल असिस्टंट. अडचण दोन ठिकाणी यायची. कोर्समध्ये सर्किटचे मोठे नकाशे असत, नावे सगळी इंग्रजीत. आग बघून बॉयलर ओळखणारा माणूस कागदावरच्या रिलेपुढे अडायचा. तरुण पोरे आठवड्यात शिकायची, पंचेचाळिशीतला फर्स्ट फायरमन रात्री मुलाला शेजारी बसवून पाठ करायचा. दुसरी अडचण डोळ्यांची. रनिंगच्या, म्हणजे गाडी चालवणाऱ्या, माणसाला नजरेची सगळ्यात कडक तपासणी लागते. त्यात नापास झाला की मेडिकल डिकॅटेगराइज, म्हणजे लाइनीवरून कायमचा खाली. मग शेडात कॉल बॉयला बोलावणी लिहून देणारा कारकून, नाहीतर पंपावर. पगार राखला जायचा, पण किलोमीटरवर मिळणारा रनिंग अलाउन्स जायचा, आणि घर चालायचे ते अलाउन्सवर.

जे डिझेलवर गेले, त्यांनी तक्रार केली नाही असे नाही. कॅबमध्ये कंटाळा येतो, आवाजाने डोके उठते, रात्री झोप अनावर होते, कारण हाताला काम नाही. पण घरी येताना कपडे स्वच्छ असायचे, आणि पाठ सरळ असायची. पुन्हा वाफेवर जाता का, असे विचारल्यावर हो म्हणणारा मला फारसा कुणी भेटला नाही. कौतुक सगळे करायचे.

याच लाइनीवरचे पुढचे थोडक्यात. रतलाम-इंदूर आणि मग इंदूर-महू ब्रॉडगेज झाले. २०१८ च्या डिसेंबरमध्ये पातालपाणी-कलाकुंड हेरिटेज गाडी सुरू झाली, तीही डिझेलवरच. २०२३ च्या सुरुवातीला महू-सनावद मीटर गेज गेज-बदलासाठी बंद केली. नव्या ब्रॉडगेज लाइनीसाठी आखणी घाटाला वळसा घालून आहे, म्हणजे १:४० चा चढच टाळायचा. वायजी आणि वायडीएम-४ दोघांनाही ज्याने घाम फोडला, त्यावर इंजिनवाल्यांनी नाही, शेवटी सर्व्हेवाल्यांनी उपाय काढला.

आजोबा डिझेलवर गेले म्हणजे कोर्सही पास झाले आणि डोळेही. त्यांची सर्व्हिस शीट किंवा पेन्शनचे कागद घरात असतील तर फायरमनचा डिझेल असिस्टंट कधी झाला ती तारीख शोधा. त्यांच्या लिंकमधल्या, म्हणजे पाळीने ठरवून दिलेल्या, गाड्यांना डिझेल साधारण कधी लागले त्याचा अंदाज त्यावरून येईल, आणि फोटो त्या तारखेच्या आधीचा असणार.